वाचकांचे प्रश्न: स्टेप हेडरमध्ये पाइप कुठे आणि किती वाढवायचा?

या वेळी बहुतेक प्रश्न एकाच विषयावर आलेत, स्टेप हेडर. म्हणजे असा एक्झॉस्ट हेडर (इंजिनातला जळका गॅस बाहेर नेणारा पाइपांचा संच) ज्यातला प्रत्येक सिलिंडरचा बेंडपाइप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मापाचा नसतो, पोर्टजवळ (इंजिनाच्या हेडमधलं गॅस बाहेर पडायचं तोंड) बारीक, मग थोडा जाड, मग अजून जाड, आणि मग सगळे पाइप कलेक्टरमध्ये एकत्र. रेसिंगच्या इंजिनांवर तो दिसतो म्हणून सगळ्यांना हवा असतो. पण आलेल्या प्रश्नांवरून एक कळलं की बरेच जण स्टेपचं माप आधी ठरवतायत आणि कॅमचा कागद, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडतात आणि मिटतात त्याचे आकडे, नंतर शोधतायत, हे उलटं आहे.

सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर देतो म्हणजे आकडे जुळतील. चार सिलिंडर, 2 लिटर, बोअर 86 आणि स्ट्रोक 86 मिमी, टर्बो नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात खाली असतो ती जागा) 75 अंश आधी उघडतो, हे अंश क्रँकशाफ्टच्या फिरण्याचे, आणि आपल्याला ताकद हवीय 7000 आरपीएमच्या आसपास. तुमचं इंजिन वेगळं असेल तर तुमचे आकडे घाला, पद्धत तीच.

प्रश्न: पाइप मध्येच जाड केला तर गॅसचा वेग कमी होणार ना? मग त्यात फायदा कसला? साधा एकाच मापाचा पाइप काय वाईट आहे?

वेग कमी होतो हे बरोबर आहे, पण हेडरमधून दोन गोष्टी जात असतात आणि त्या वेगवेगळ्या धरल्याशिवाय काही कळत नाही. एक म्हणजे गॅस स्वतः, तो सरासरी सेकंदाला 80-100 मीटरने जातो. दुसरी म्हणजे दाबाची लहर, ती आवाजाच्या वेगाने जाते, आणि एक्झॉस्टच्या तापलेल्या गॅसमध्ये तो वेग सेकंदाला 600 मीटरच्या आसपास असतो. व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमधला दाब अजून वातावरणाच्या कित्येक पट असतो, तो धाडकन बाहेर येतो आणि त्याची लहर पाइपमधून पुढे पळते. आता मुद्दा असा की ही लहर जिथे जिथे पाइपचं क्षेत्रफळ बदलतं तिथून थोडी परत फिरते. पुढे जागा मोठी झाली की परत येणारी लहर उलट्या चिन्हाची असते, म्हणजे दाबाची लहर गेली आणि ओढ घेऊन परत आली. पुढे जागा लहान झाली की दाबाची लहर दाब घेऊनच परत येते. ही ओढ बरोबर वेळेला व्हॉल्व्हपाशी पोचली तर सिलिंडरमधला उरलेला जळका गॅस ओढून काढते, आणि ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे इनटेक व एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असताना, ताज्या मिश्रणालाही आत यायला हात देते.

साध्या पाइपमध्ये मोठी परतफेड एकाच जागेवरून होते, कलेक्टरच्या तोंडापासून. तिथे जागा एकदम मोठी होते कारण पुढे कलेक्टर आणि बाजूला बाकीचे तीन पाइप असे सगळे मिळून उघडे असतात. त्यामुळे एक मोठा, टोकदार प्रतिध्वनी येतो. तो एका ठराविक आरपीएमला अगदी वेळेवर येतो आणि इतर वेळी लवकर किंवा उशिरा, म्हणून एकमापी 4-1 हेडरवर (चारही पाइप एकदम एकात) ताकदीच्या ग्राफमध्ये कुठे उंचवटा दिसतो तर कुठे खड्डा.

स्टेप दिली की त्या जागेवरून एक छोटा प्रतिध्वनी आधीच परत येतो. किती छोटा ते साध्या सूत्राने काढता येतं, दोन क्षेत्रफळांतला फरक भागिले दोघांची बेरीज. आतून 38 मिमीचा पाइप 41.15 मिमी केला तर उत्तर येतं 8 टक्के. 41.15 चा 44.3 केला तर 7 टक्के. कलेक्टरपाशी याच हिशोबाने 65 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे स्टेप काही चमत्कार करत नाही, ती मोठ्या प्रतिध्वनीच्या आधी दोन लहान प्रतिध्वनी पाठवते, ओढ लवकर सुरू होते आणि जास्त वेळ पसरते, त्यामुळे उंचवटा जरा बोथट आणि आजूबाजूचा भाग भरलेला. शिवाय पोर्टजवळ पाइप बारीक असल्याने तिथे गॅसचा वेग टिकतो आणि पुढे जिथे वेग टिकवून फारसा उपयोग नाही तिथे पाइप मोठा असल्याने पिस्टनला ढकलायचा त्रास कमी. म्हणून डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर, पहिल्यांदा कमाल हॉर्सपॉवरचा आकडा बघून निराश होऊ नका, गिअर बदलल्यावर आरपीएम जिथे पडतो तिथपासून लाल रेषेपर्यंतचा सगळा भाग बघा.

प्रश्न: मी लांबीचा हिशोब स्वतः केला. व्हॉल्व्ह उघडल्यापासून टीडीसीपर्यंत (पिस्टन सगळ्यात वर) 255 अंश, वेग 600 मीटर, 7000 आरपीएम. उत्तर आलं 1.82 मीटर! पण रेसिंगचे हेडर तर 70-80 सेंटिमीटरचे दिसतात. माझं कुठे चुकतंय?

गणितात चूक नाही, आणि हा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं कारण घोडं नेमकं इथेच पेंड खातं आणि लोक इथे हिशोब सोडून देऊन कुणाचं तरी माप उचलतात.

लहर जाऊन परत यायला हवी, म्हणून लांबी = वेग गुणिले अंश, भागिले 12 गुणिले आरपीएम. हे सूत्र बरोबर आहे. चूक आहे ती सुरुवात आणि शेवट कुठे धरला त्यात. व्हॉल्व्ह उघडायला लागतो त्या क्षणी फट नावालाच असते, लहरीचं टोक तेव्हा निघत नाही, ते वेगाने फिरणाऱ्या इंजिनात बीडीसीच्या आसपास निघतं. म्हणजे 75 अंश तिथेच गेले. आणि ओढीचं टोक टीडीसीवर यायला नको, जरा आधी, समजा 20 अंश आधी यायला हवं म्हणजे ओव्हरलॅपच्या पूर्ण वेळात ओढ मिळेल. उरले 160 अंश. आता परत हिशोब करा, 600 गुणिले 160 भागिले 84000, उत्तर 1.14 मीटर.

तरी 70-80 सेंटिमीटर नाही आलं ना? कारण हे 1.14 मीटर नुसत्या बेंडपाइपचं माप नाहीच. कलेक्टर जिथे संपून मोठ्या पाइपमध्ये किंवा मोकळ्या हवेत उघडतो तिथून अजून एक परतफेड होते, आणि ओव्हरलॅपला बऱ्याचदा हीच कामाला येते. प्रायमरी, म्हणजे बेंडपाइप, 71 सेमी आणि कलेक्टर साधारण 45 सेमी, बेरीज 1.16 मीटर, जुळलं. कलेक्टरच्या तोंडापासून येणारी आधीची लहर पिस्टन वर येत असतानाच सिलिंडर रिकामा करायला मदत करते. म्हणूनच कलेक्टरची लांबी बदलली की मधल्या आरपीएमचा टॉर्क हलतो, आणि म्हणूनच कलेक्टर म्हणजे चार पाइप जोडायचा नुसता डबा आहे असं समजून तो वाटेल तिथे कापणं हे मला पटत नाही.

71 कुठून आणलं तेही सांगतो. जुना ठोकताळा आहे, 180 मध्ये व्हॉल्व्ह बीडीसीआधी किती अंश उघडतो ते मिळवा, 850 ने गुणा, आरपीएमने भागा, 3 वजा करा, उत्तर इंचात. आपलं 255 गुणिले 850 भागिले 7000 म्हणजे 31, वजा 3, म्हणजे 28 इंच, 71 सेमी. सुरुवातीला एवढं पुरतं, पुढचं काम डायनोवर. आणि ही लांबी व्हॉल्व्हपासून नाही, हेडच्या फ्लँजपासून (पाइप हेडला बोल्टने बसतो ती पट्टी) मोजायची, पाइपच्या मध्यरेषेवरून.

प्रश्न: स्टेप नक्की कुठे द्यायची? कुणी म्हणतं पोर्टपासून 15 सेमीवर, कुणी म्हणतं 30 वर, कुणी म्हणतं तीन समान भाग करा.

मी सांगीन की सेंटिमीटर बाजूला ठेवा आणि क्रँकच्या अंशात विचार करा. 7000 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 42 अंश फिरतो. 25 सेमीवर स्टेप असेल तर लहर जाऊन यायला 0.83 मिलिसेकंद, म्हणजे 35 अंश. 48 सेमीवर असेल तर 67 अंश. कलेक्टर 71 सेमीवर तर 99 अंश. म्हणजे ओढीचे तीन हप्ते जवळपास 32-32 अंशांच्या अंतराने आले, एकाच्या शेपटीला दुसरा धरून. हे मला आवडतं. आता तोच हेडर 5000 ला बघा, तिथे मिलिसेकंदाला 30 अंश, हप्ते येतात 25, 48 आणि 71 अंशांवर. सगळे लवकर आले पण पसरलेले असल्याने एकदम दगा देत नाहीत, स्टेपचा खरा उपयोग हाच.

15 सेमीवर दिली तर 7000 ला 21 अंशांत परत, तेव्हा मूळ लहरच अजून पोर्टमधून पूर्ण बाहेर पडलेली नसते, परत येणारी ओढ तिच्यातच मिसळते. ते वाईटच असं नाही, मोठ्या ड्रॅग रेसिंग इंजिनांत, प्रो स्टॉकसारख्या 500 क्युबिक इंचांच्या व्ही-8 मध्ये, पोर्टमधून प्रचंड गॅस काढायचा असतो तिथे लवकरच्या स्टेपचं कारण समजतं. पण 2 लिटरच्या इंजिनाला त्यांचं माप बघून स्टेप देऊ नका. आणि स्टेप बेंडच्या मधोमध देऊ नका, सरळ भागात द्या, वेल्डिंगला आणि मोजायला दोन्हीला सोपं.

उलटी स्टेप, म्हणजे जाडातून बारीक, कधीही नको. तिथून दाबाची लहर दाब घेऊनच परत येते आणि जळका गॅस आत ढकलते. कलेक्टरमध्ये जो चिमटलेला गळा असतो तो वेगळा विषय आहे, तिथे चार पाइपांच्या मानाने जागा अजूनही मोठीच असते.

प्रश्न: सुरुवातीचा व्यास किती घ्यायचा आणि प्रत्येक स्टेपला किती वाढवायचा?

गॅसच्या वेगावरून ठरवा. पिस्टनचा सरासरी वेग काढा, दुप्पट स्ट्रोक गुणिले आरपीएम भागिले 60, आपला आला सेकंदाला 20 मीटर. बोअरचं क्षेत्रफळ भागिले पाइपचं आतलं क्षेत्रफळ, त्याने या 20 ला गुणा. 38 मिमीला वेग येतो 103 मीटर, 41.15 ला 88, 44.3 ला 76. साध्या हेडरसाठी 75 ते 90 च्या मध्ये राहा असं म्हणतात, म्हणून सुरुवातीला जरा जास्त, मध्ये बरोबर, शेवटी कमी, अशी ही तिकडी बसते. म्हणजे साध्या हेडरला जो व्यास निघाला असता तो मधल्या तुकड्याला द्या आणि दोन्हीकडे एकेक पायरी. दोनच माप वापरायची असतील तरी चालतं, पहिला तुकडा लहान ठेवा.

पण त्याआधी हेडच्या पोर्टचं तोंड मोजा. पाइपचं तोंड पोर्टपेक्षा किंचित मोठं असावं, विशेषतः खालच्या बाजूला, म्हणजे पोर्टच्या तळाशी, तिथे छोटी पायरी राहिली तर उलटा येणारा गॅस तिच्यावर अडतो. पोर्टपेक्षा पाइप लहान असेल तर बाकी सगळं गणित वाया, आणि गॅस्केट आत डोकावत असेल तर तेही कापून घ्या, हे बघायचं हमखास राहून जातं.

वाढीचं माप नेहमीचं 3 मिमी, म्हणजे एकअष्टमांश इंच, कारण ट्यूब तशाच मिळतात, बाहेरून 41.3, 44.45, 47.6 मिमी. आता एक बारीक गोष्ट जी जोडणीच्या वेळी कळते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. ट्यूबची जाडी 1.24 मिमी, म्हणजे 18 गेज, असेल तर 44.45 ची ट्यूब आतून जवळपास 42 असते आणि 41.3 वाली तिच्यात आरामात सरकते, उलट थोडी सैल बसते. पण 1.65 मिमी, 16 गेज घेतली तर आतून 41.15 उरतं आणि 41.3 त्यात जातच नाही! दशांश मिलिमीटरसाठी अडतं. मग मोठ्या ट्यूबचं तोंड एक्सपांडरने किंचित फुगवावं लागतं. हातोड्याने ठोकून बसवू नका, तोंड अंडाकृती होतं आणि वेल्डिंगला कुठे फट, कुठे घट्ट असं येतं.

प्रश्न: 4-1 की 4-2-1? आणि चारही पाइप अगदी सारख्या लांबीचे हवेतच का?

फक्त वरच्या आरपीएमची ताकद हवी तर 4-1, मधला टॉर्कही हवा तर 4-2-1, म्हणजे चार पाइपांचे आधी दोन आणि मग एक. 1-3-4-2 फायरिंग ऑर्डरला (सिलिंडर पेटायचा क्रम) 1 आणि 4 एकत्र, 2 आणि 3 एकत्र, कारण या जोड्या 360 अंशांच्या अंतराने फायर होतात आणि एकमेकांच्या आड येत नाहीत. 4-2-1 मध्ये जोडीचा सांधा हीच एक मोठी स्टेप असते, म्हणून तिथे प्रायमरीला अजून दोन स्टेप देण्यात मला फार अर्थ वाटत नाही, एक पुरे. क्रॉस-प्लेन व्ही-8 चं दुखणं वेगळं आहे, त्यात एकाच बाजूचे दोन सिलिंडर 90 अंशांच्या अंतराने लागोपाठ फायर होतात आणि कलेक्टरमध्ये एकमेकांवर आदळतात, त्यासाठीच फोर्ड जीटी40 या रेसिंग कारवर दोन्ही बाजूंचे पाइप एकमेकांत विणून नेलेले दिसतात. ते स्टेपने सुटत नाही.

सारख्या लांबीचं म्हणाल तर 2 सेमीचा फरक 71 सेमीला 3 टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे 7000 ला जेमतेम 200 आरपीएम इकडेतिकडे. तेवढ्यासाठी पोर्टपाशी तीव्र बेंड देऊन पाइप वळवत बसू नका. पोर्टमधून निघाल्यावर पहिले 10-12 सेमी शक्य तितके सरळ ठेवा, हे मला समान लांबीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. बेंडची लांबी मध्यरेषेच्या त्रिज्येवरून काढा, 67 मिमी त्रिज्येचा 90 अंशाचा बेंड म्हणजे 105 मिमी, टेप बाहेरून लावून मोजला तर प्रत्येक बेंडमागे चूक वाढत जाते. स्टेपच्या जागा मात्र चारही पाइपांवर पोर्टपासून सारख्याच अंतरावर हव्यात, बेंड कुठेही येवोत.

प्रश्न: स्टेनलेसचा हेडर बनवून घेतला, छान दिसतो, पण फ्लँजजवळ आणि पहिल्या स्टेपच्या वेल्डवर पुन्हा पुन्हा तडा जातो. जाड ट्यूब घेऊ का?

आधी जाडी वाढवू नका, आधी पाइपला हलायला जागा द्या. 304 स्टेनलेसचा 70 सेमीचा पाइप 600 अंशांनी तापला की 7 मिमीने वाढतो. चारही पाइप वेगवेगळ्या वळणांचे, सगळे एका टोकाला हेडच्या फ्लँजला आणि दुसऱ्या टोकाला कलेक्टरला घट्ट वेल्ड केलेले, मग ही वाढ जाणार कुठे? ती सगळ्यात कडक जागेवर ताण देते, म्हणजे फ्लँजच्या वेल्डवर आणि स्टेपच्या वेल्डवर, कारण तिथे जाडी एकदम बदलते. कलेक्टर स्लिप जॉइंटने बसवा, म्हणजे पाइप कलेक्टरमध्ये सरकते राहतील आणि बाहेरून स्प्रिंगने धरलेले. कलेक्टरच्या मागचं वजन हेडरवर लटकू देऊ नका, त्याला वेगळा आधार हवा, आणि इंजिन हलतं म्हणून तो आधारही इंजिनाला किंवा गिअरबॉक्सलाच हवा, चॅसिसला नको.

दुसरं, वेल्ड करताना पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडला होता का विचारा. नसेल तर आतल्या बाजूला स्टेनलेस साखरेसारखं दाणेदार होतं, बाहेरून कितीही सुंदर दिसो, तडा तिथूनच सुरू होतो. तिसरं, हेडरला कापडी रॅप गुंडाळला असेल तर तो काढून बघा, आतली उष्णता टिकते हे खरं पण धातूचं तापमान वाढतं, ओल धरून ठेवतो आणि तडे लपवतो. सिरॅमिक कोटिंग त्यापेक्षा बरं. हे सगळं करूनही तडा गेला तर मग 304 सोडून 321 घ्या, त्यात टायटॅनियम असतं आणि सतत तापत्या कामाला ते जास्त टिकतं.

प्रश्न: टर्बोला स्टेप हेडर चालेल का? आणि टू-स्ट्रोकला?

टर्बोला नको. टर्बाइन पुढे अडथळा म्हणून उभी असते, तिथून ओढ नाही, दाब परत येतो. तिथे पाइप लहान, आखूड आणि उष्णता टिकवणारे ठेवा.

टू-स्ट्रोकला स्टेप नाही, पण त्याच विचाराचं टोक आहे. तिथे पाइप पायऱ्यांनी नाही तर शंकूसारखा सलग रुंद होत जातो, म्हणजे असंख्य बारीक स्टेप समजा, आणि मग उलट्या शंकूने परत अरुंद होतो म्हणजे शेवटी दाबाची लहर येऊन बाहेर निसटलेलं मिश्रण आत ढकलते. 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी हे रेसिंगमध्ये उभं केलं, 1961 मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर हे ज्ञान घेऊन पश्चिमेला पळून सुझुकीकडे गेला आणि 1962 मध्ये सुझुकीवर 50 सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. एका पाइपच्या आकारात किती ताकद असते हे मला या हकिगतीइतकं दुसऱ्या कशाने पटलेलं नाही.

प्रश्न: स्टेप हेडर बसवला, पण फरकच नाही, उलट मध्येच इंजिन अडखळतं. हेडर चुकीचा बनला का?

कदाचित नाही. आधी कॅम कुठला आहे ते बघा. कंपनीचा शांत कॅम असेल, ओव्हरलॅप जेमतेम असेल, तर ओढ वेळेवर येऊनही दार बंद असतं, फायदा फक्त पिस्टनच्या ढकलण्यात जो मिळेल तेवढाच. कॅम तापट असेल तर उलट शक्यता, सिलिंडर आता जास्त भरतोय आणि पेट्रोल जुन्याच नकाशाने, म्हणजे आधी ठरवलेल्या मापाने, जातंय, म्हणजे मिश्रण पातळ झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), अडखळणं त्याचंच असू शकतं. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा) लावून मिश्रण बघा, त्यासाठी कलेक्टरनंतर बंग, म्हणजे सेन्सर बसवायची आट्यांची कडी, वेल्ड केलेला हवा. आणि फ्लँजच्या सांध्यातून किंवा स्लिप जॉइंटमधून गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर खोटंच पातळ दाखवतो, तेव्हा आधी गळती, मग मिश्रण, मग इग्निशन टायमिंग, या क्रमाने जा. हे तिन्ही जमल्यावरही खड्डा राहिला तर हेडर कापायच्या आधी कलेक्टरच्या मागे 10-10 सेमीचे सरकते तुकडे लावून लांबी बदलून बघा, खड्डा आरपीएमवर सरकला तर कलेक्टरचं माप बदलायचंय, जागचा हलला नाही तर तुमचा शोध इनटेककडे न्या.